एका जहाजाची भरपाई आणि पाच शहरं

गलोंडा हे गाव आहे. वाक्य साधं दिसतं, पण ते ठरवायला तीन गणितं करावी लागतात.

२०११च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीत ६५ गावं आणि ६ शहरं मोजली गेली. सिल्वासा, दादरा, नरोली, सामरवरणी, मसाट आणि रखोली ही ती सहा शहरं. गलोंडा गावांच्या यादीत आहे. आता दहा वर्षं मागे जाऊ. २००१च्या यादीत शहरं होती दोनच, सिल्वासा आणि आमली. म्हणजे नरोली, मसाट, रखोली ही मंडळी २००१ साली गाव म्हणून मोजली गेली आणि २०११ साली शहर म्हणून. मधल्या काळात कुणी फीत कापली नाही, कुणी नारळ फोडला नाही. तिथल्या माणसांपैकी कितीजणांना ही बातमी कळली, कोण जाणे.

हे होतं कसं? जनगणना खात्याकडे शहर ओळखायच्या दोन वाटा आहेत. पहिली सरळ आहे. नगरपालिका, महानगरपालिका, छावणी असं काही कायद्याने स्थापन झालेलं असेल तर ते शहर, मग तिथे माणसं कितीही असोत. दुसरी वाट जास्त गमतीची आहे. नगरपालिका नसली तरी चालेल; लोकसंख्या किमान ५,००० हवी, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं हवीत, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामावर हवेत. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की गाव शहराच्या यादीत जातं. नांगर सोडून कारखान्याच्या पाळीवर जाणाऱ्या शेवटच्या काही पुरुषांमुळे काटा ७५ वर येतो आणि आख्खं गाव इकडून तिकडे सरकतं. बायका काय काम करतात, हे या हिशेबात धरतच नाहीत. का, ते मला आजवर समाधानकारकपणे कुणी सांगितलेलं नाही.

देशभर पाहिलं तर २००१ साली अशी 'जनगणनेतली शहरं' १,३६२ होती. २०११ साली ती ३,८९४ झाली. दहा वर्षांत अडीच हजारांवर नवी शहरं, आणि बहुतेकांचा कारभार अजून सरपंचाकडे. वस्ती शहराची, गटारं गावाची.

आता आमलीचं काय झालं ते ऐका, कारण शहरांची तुलना करताना हमखास पाय घसरतो तो इथेच. २००१ साली सिल्वासाची लोकसंख्या होती साधारण २२ हजार. २०११ साली ती झाली साधारण ९८ हजार. दहा वर्षांत साडेचार पट! वर्तमानपत्राला मथळा मिळाला. पण २००१ साली सिल्वासाला चिकटून आमली होतं आणि त्याची लोकसंख्या सिल्वासापेक्षा जास्त होती, साडेअठ्ठावीस हजार. २००६ साली सिल्वासा नगरपालिका झाली आणि पुढच्या मोजणीत आमली वेगळं उरलं नाही, ते सिल्वासाच्या पोटात गेलं. दोघांची २००१ची बेरीज केली तर येते सुमारे साडेपन्नास हजार. म्हणजे खरी वाढ दुपटीच्या थोडी आत. दुप्पट होणंही काही लहानसहान नाही, पण साडेचार पट आणि दुप्पट यांच्यामधला फरक माणसांनी नव्हे, नकाशावरच्या रेघेने केला आहे. शहर तीन रीतींनी वाढतं: पाळणा हलतो, बाहेरून माणूस येतो, किंवा हद्द सरकते. आकडा तिन्हींची खिचडी करून आपल्यापुढे ठेवतो.

दमणला याच्या उलट घडलं. दमणची नगरपालिका जुनी, पण कारखाने उभे राहिले तिच्या हद्दीबाहेर, दाभेलसारख्या ग्रामपंचायतीत. २०११ साली दमण शहरात माणसं ४४ हजार आणि दाभेल या 'गावात' पन्नास हजारांवर. हद्द सरकली नाही, म्हणून दमण कागदावर लहानच राहिलं. नुसत्या नगरपालिकांचे आकडे शेजारी शेजारी मांडले तर सिल्वासा धावतंय आणि दमण रांगतंय असं वाटेल. प्रत्यक्षात २००१ ते २०११ या काळात दादरा नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन्ही केंद्रशासित प्रदेश पन्नास टक्क्यांहून जास्त वाढले, जवळजवळ खांद्याला खांदा लावून.

रेघांचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात जुन्या रेघेकडे जाऊ. ती मुळात एका जहाजामुळे पडली.

१७७२ साली मराठ्यांच्या आरमाराच्या हातून पोर्तुगीजांच्या 'सांताना' नावाच्या जहाजाचं नुकसान झालं. पुढे पेशव्यांना इंग्रजांविरुद्ध पोर्तुगीजांचा स्नेह हवा होता. १७ डिसेंबर १७७९ रोजी पुण्याशी तह झाला आणि त्यानुसार १७८३ साली नगर हवेलीतल्या ७२ गावांचा महसूल, १२ हजार रुपयांचा, भरपाई म्हणून पोर्तुगीजांना लावून दिला. दादरा त्यांनी दोन वर्षांनी, १७८५ साली घेतलं. कारभार आधी दरारा इथून चालायचा. १८८५ साली तो सिल्वासाला आला. लोकांच्या तोंडी आजही सिल्वासा नाही, 'सेलवास' आहे.

आता गंमत बघा. दमण समुद्रावर, नगर हवेली डोंगराच्या पायथ्याशी, आणि दोघांच्या मध्ये इंग्रजांच्या ताब्यातला एक चिंचोळा पट्टा. १८६०च्या दशकात मुंबई-सुरत रेल्वे आली ती या पट्ट्यातून. दमणला रेल्वे नाही, सिल्वासाला रेल्वे नाही, दोघांचं स्टेशन एकच. ते म्हणजे वापी, मधल्या पट्ट्यावरचं एक खेडं.

हा पट्टा पुढे थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गाजला. २२ जुलै १९५४ला दादरा मुक्त झालं, २ ऑगस्टला सिल्वासा. राजा वाकणकर आणि संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी मराठी माणसं त्या लढ्यात पुढे होती. तो इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे, इथे उगाळत नाही. पोर्तुगालने मात्र १९५५ साली दावा ठोकला: दमणहून आमच्या नगर हवेलीत जायचा रस्ता भारताने अडवला, तो आमचा हक्क आहे. १२ एप्रिल १९६०ला निकाल लागला. साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्यायेण्याचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांना नव्हता, आणि भारताने काही नियमबाह्य केलेलं नाही, असा तो निकाल. जगातल्या सर्वोच्च न्यायपीठाने ज्या काही किलोमीटरच्या वाटेचा कीस पाडला, तिच्यावर सात वर्षांनी, १९६७ साली, गुजरात औद्योगिक विकास महामंडळाने वसाहत काढली. आज वापी म्हटलं की लोकांना रसायनांचा वास आठवतो. हेग कुणालाच आठवत नाही.

रेल्वे, महामार्ग आणि दमणगंगा नदीचं पाणी. वापी का वाढली हे सांगायला आणखी काही लागत नाही. २००१ साली ७१ हजार, २०११ साली १ लाख ६३ हजार, आणि १ जानेवारी २०२५ला महानगरपालिका. (हद्दवाढीचा चष्मा इथेही डोळ्यावर असू द्यावा.)

सिल्वासाचं कोडं याहून अवघड आहे. तिथे रेल्वे नाही, बंदर नाही, खाण नाही. प्रदेशाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग जंगल. १९६०च्या दशकापर्यंत कारखाना म्हणावा असं काही नव्हतं. मडकी, चपला, बांबूच्या टोपल्या करणारे कारागीर तेवढे होते. १९५१ साली उण्यापुऱ्या ४९१ चौरस किलोमीटरांत साडेएकेचाळीस हजार माणसं राहत, म्हणजे चौरस किलोमीटरला ८५. २०११ साली तोच आकडा ७०० झाला. मग हे कशाच्या जोरावर?

उत्तर आहे, करमाफीच्या. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पिपरियाला सहकारी तत्त्वावरची पहिली औद्योगिक वसाहत निघाली, मग मसाट आणि खडोलीला सरकारी वसाहती आल्या. पण खरा पूर आला तो सवलतींनी. मागास प्रदेश म्हणून नव्या कारखान्याला १५ वर्षं विक्रीकर माफ आणि वर प्राप्तिकरातही सूट. एक रेघ ओलांडून पलीकडे शेड टाकली की तोच माल स्वस्तात पडतो. जहाजाच्या भरपाईपोटी १७८३ साली जी हद्द पडली, ती दोनशे वर्षांनी कारखानदाराच्या ताळेबंदात उतरली.

आणि तिथे काय बनू लागलं? सगळ्यात जास्त नाव झालं पॉलिएस्टरच्या धाग्याचं. हा धागा मुळात गुळगुळीत, काचेसारखा सरळ येतो. त्याचं कापड अंगाला चिकटेल, घाम टिपणार नाही. म्हणून तो तापवतात, तापलेला असतानाच पीळ देतात, थंड करतात आणि पीळ सोडवतात. केसांना तापती चिमटी लावून कुरळे करतात ना, तसंच. धागा तो आकार लक्षात ठेवतो, फुगतो, मऊ होतो. याला म्हणतात टेक्श्चरायझिंग. आता या धंद्याची जात बघा. कच्चा माल ट्रकमधून येतो, पक्का माल ट्रकमधून जातो. लागते ती वीज, एक लांबलचक शेड आणि तीन पाळ्यांत यंत्रांवर उभी राहणारी माणसं. नफा दर किलोमागे थोडा, म्हणून कराचे चार पैसे वाचले तरी चित्र पालटतं. पोलादाचा कारखाना खाणीशेजारी जातो, साखरेचा उसाशेजारी. धाग्याचा कारखाना करमाफीशेजारी जातो. देशातल्या कितीतरी साड्यांचा आणि शर्टांचा धागा असा डोंगराच्या पायथ्याशी कुरळा होऊन सुरत-भिवंडीच्या मागांवर गेला, कारण तिथे एक जुनी हद्द होती.

(हद्दीचा आणखी एक फायदा गुजरातेतून शनिवारी येणाऱ्या गाड्यांना ठाऊक आहे. पलीकडे दारूबंदी, अलीकडे नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. वाचक सुज्ञ आहेत.)

माणसं किती आली, हे लोकसंख्येपेक्षा दुसऱ्या एका आकड्यात जास्त स्पष्ट दिसतं. १९९१ साली दादरा नगर हवेलीत दर हजार पुरुषांमागे ९५२ स्त्रिया होत्या. २००१ साली ८१२. २०११ साली ७७४. दमण जिल्ह्यात तर २०११ साली हजारामागे ५३४! दर दोन पुरुषांमागे साधारण एक बाई. हे मुली नकोशा झाल्याचं लक्षण नव्हे. हे चाळींचं लक्षण आहे. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेला तरुण एकटा येतो, चौघांत मिळून खोली घेतो, पैसे घरी पाठवतो. बायको, आई, बहीण तिकडच्या जनगणनेत मोजली जाते. एखाद्या शहरात कारखाने किती हे विचारण्याआधी तिथे बायका किती हे विचारावं. शहर नुसतं कामाचं आहे की राहण्याचंही, ते तिथे कळतं.

आणि जे आधीपासून इथले होते? वारली, धोडिया, कोकणा, कातोडी, दुबळा. १९९१ साली आदिवासींचा वाटा जवळपास ७९ टक्के होता, २०११ साली ५२. त्यांची संख्या घटली नाही, एक लाख नऊ हजारांवरून पावणेदोन लाखांच्या वर गेली. भोवतीचा समुद्र वाढला. गलोंड्याच्या बाजूला वारली बोली कानावर पडली तर मराठी माणसाला अर्धं सहज कळतं. कारखान्याच्या फाटकावर मात्र हिंदीच चालते.

आता याच डोंगरांच्या दक्षिणेला, आपल्या महाराष्ट्रात उतरू. तोच पाऊस, तेच साग, तोच वारली समाज, तीच नागली आणि भात. वाघ नदी जव्हार-मोखाड्याकडून येऊन दमणगंगेलाच मिळते. प्रयोगशाळेत मांडावा तसा हा प्रयोग निसर्गाने आणि सरकारने मिळून मांडून ठेवला आहे: सगळं सारखं ठेवा, फक्त रेघ बदला.

जव्हारचं बघा. चौदाव्या शतकापासूनचं संस्थान, मुकणे घराण्याचं. शिवाजी महाराज १६६४ साली सुरतेला जाताना शिरपामाळावर थांबले होते, असं जव्हार अभिमानाने सांगतं. नगरपालिका झाली १९१८ साली, म्हणजे सिल्वासाच्या ८८ वर्षं आधी. राजवाडा आहे, थंड हवा आहे, इतिहास आहे. २०११ची लोकसंख्या? बारा हजारांच्या आसपास. त्याआधीच्या दहा वर्षांत वाढ हजारभरही नाही. १९९१ साली सिल्वासाही एवढंच होतं, पावणेबारा हजारांचं. वीस वर्षांत दोघांची कुंडली एवढी वेगळी झाली. जव्हारला रेल्वे नाही हे खरं, पण सिल्वासालाही नाही. जव्हारला सवलतीची रेघ नव्हती, आणि वापीसारखं स्टेशन पंधरा-वीस किलोमीटरांवर नव्हतं. दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. एकटी करमाफी घाट चढत नाही.

डहाणूचं प्रकरण आणखी निराळं. समुद्र आहे, मुंबई-सुरत रेल्वे आहे, महामार्ग तालुक्यातून जातो, मुंबई वापीला आहे त्याहून जवळ. कागदावर डहाणूने वापीच्या पुढे असायला हवं होतं. पण २० जून १९९१च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. घातक उद्योगांना बंदी आली, उद्योगांसाठी जमिनीवर मर्यादा आली. १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं आणि त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ ही राखण केली. २०११ साली डहाणू शहर पन्नास हजारांचं. चिकूच्या वाड्या शिल्लक आहेत, आणि २०१६ साली डहाणू घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता याच तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ला झाली आहे, तेव्हा हा प्रयोग फार दिवस असाच राहणार नाही.

डहाणू मागे पडलं असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी दुसरी यादीही वाचावी. २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं प्रदूषण गुणांनी मोजलं गेलं. अंकलेश्वर पहिलं आलं, ८८.५ गुण. दुसरं वापी, ८८.०९. लोकसंख्येच्या शर्यतीत डहाणूला मागे टाकणाऱ्या शहराची हीही गुणपत्रिका आहे, आणि ज्या नदीने त्याला पाणी दिलं तिच्याच मुखाशी दमण बसलेलं आहे. मला विचाराल तर मी चिकूच्या बाजूने आहे. पण जव्हारच्या ज्या घरात दिवाळीनंतर चूल पेटत नाही, तिथे हे मत मांडायला मला तोंड नाही.

कारण दिवाळी झाली, भात झोडून झालं की जव्हार-मोखाड्याची कुटुंबंच्या कुटुंबं बिऱ्हाड बांधून वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सिल्वासाच्या आसपासचा वारली गडी डबा घेऊन कारखान्यात जातो आणि रात्री पाड्यावर झोपायला येतो. शहर वाढल्याचा फायदा कुणाला झाला, याचं सगळ्यात प्रामाणिक माप मला हे वाटतं: काम करून माणूस रात्री कुठे झोपतो. चाळीतल्या परप्रांतीय तरुणाला हे माप लावलं तर उत्तर उलटं येतं, हेही आहे.

सवलतीची रेघही आता पुसट झाली आहे. १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर आला आणि हद्दीच्या अलीकडे-पलीकडे विक्रीकरात फरक उरला नाही. जानेवारी २०१८मध्ये सिल्वासाची स्मार्ट सिटी म्हणून निवड झाली, २६ जानेवारी २०२०ला दमण-दीव आणि दादरा नगर हवेली हे दोन प्रदेश एक झाले. कारखाने उठून गेले नाहीत. शेड उभी आहे, कामगार तयार आहे, ट्रकवाल्याला वाट पाठ आहे, पुरवठादार शेजारी आहे. ज्या कारणाने शहर वसतं ते कारण संपलं तरी शहर उरतं, हे या कोपऱ्यातलं मला सगळ्यात अद्भुत वाटणारं सत्य आहे. नदीकाठी माठ भरायला म्हणून जमलेली वस्ती नळ आल्यावरही उठत नाही, तसं.

राहिलं गलोंडा. त्याचा निकाल पुढच्या जनगणनेत लागेल. ५,००० माणसं, चौरस किलोमीटरला ४००, दर चार पुरुषांतले तीन शेतीबाहेर. २०११नंतर सोळा वर्षांनी या तीन चाळण्या पुन्हा लावल्या जातील. यादी बाहेर आली की आपापल्या तालुक्याची पानंही उलटून पाहा. तुम्ही गावात राहता की शहरात, हे कदाचित तुम्हाला तिथेच पहिल्यांदा कळेल.

फक्त जव्हारची ओळ वाचताना एक लक्षात असू द्या. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नसतो, तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली होती. या वेळची संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. वीटभट्ट्या तेव्हा चालू असतात.